परत येता येईल असं शहर

हायड्रून माटिकने न्यूर्नबर्ग निवडलं ते चांगल्या नोकरीसाठी, असं आमच्या गावात सगळे समजतात. खरं तर त्याहून चांगली नोकरी तिला हॅनोव्हरला मिळत होती. ती तिने का सोडली ते मला माहीत आहे, कारण ठरलं त्या दुपारी मी तिच्या स्वयंपाकघरात बसले होते.

आमचं कोल्वित्स म्हणजे पूर्व जर्मनीतल्या लाउझिट्स भागातलं काचेचं गाव. बर्लिनची भिंत पडली तेव्हा गावातली निम्मी माणसं काच कारखान्यात होती. हायड्रून बिअरचे पेले तपासून खोक्यात भरायच्या खात्यात, मी कारखान्याच्या खानावळीत, फोल्कमार भट्टीवर. दुकानांत पश्चिमेकडचे पेले आले, आमचे कुणी उचलेना, आणि पाठोपाठ भट्टी विझली. मग सरकारने एक योजना काढली. ज्यांची नोकरी गेली त्यांनाच वर्षभर पगारावर ठेवलं आणि काम दिलं ते कारखाना मोडायचं. ज्या सरकत्या पट्ट्यापाशी हायड्रून मुलगी होती तेव्हापासून उभी होती, त्या पट्ट्याचे नट तिने स्वतः पान्याने ढिले केले आणि लोखंड भंगाराच्या ढिगावर नेऊन टाकलं.

"आपणच आपला खड्डा खणतोय," फोल्कमार म्हणायचा, "आणि वर कॉफीची सुट्टी पण मिळते. अजून काय पाहिजे?"

हायड्रून हसायची नाही. तिचा स्वभाव गंभीर होता असं नाही, पण हसायला जेवढी ताकद लागते तेवढी ती दुसऱ्या कामासाठी राखून ठेवायची.

वर्ष संपलं तशी ती रोजगार कचेरीत गेली. तिथल्या बाईंनी सरळ सांगितलं, "फ्राऊ माटिक, इथे काही नाही. पुढेही काही येईलसं वाटत नाही. तुम्ही बाहेर जायला तयार आहात का?"

"कुठे?"

"ते तुम्ही ठरवायचं."

घरी आल्यावर ती मला म्हणाली, "मार्लीस, चाळिशी उलटली, आजवर मला कोणी विचारलं नाही की बाई, तुला कुठे राहायचंय. आणि विचारलं ते असं."

तरी ती गेली. हॅनोव्हर, कासेल, न्यूर्नबर्ग, तिन्ही शहरं आगगाडीने जाऊन बघून आली. हॅनोव्हरला बिस्किटांचा कारखाना होता. पगार सगळ्यांत जास्त आणि मुकादम बाई इतकी चांगली की तिने हायड्रूनला आल्या आल्या खुर्ची दिली. कासेलला काम हलकं होतं, खोलीही स्वस्त. न्यूर्नबर्गला विजेची बटणं जोडायचं काम. तिथलं दालन कोंदट, आणि मुकादम तिच्याकडे न बघताच बोलत होता.

परत आली त्या दुपारी तिने मला बोलावून घेतलं. तिचा नवरा एकहार्ड कामावरून नुकताच आला होता. तो आमच्या तालुक्याची बस चालवायचा. टेबलावर पेट्रोल पंपावरून आणलेला नवा रस्त्यांचा नकाशा पसरला होता. आम्ही शाळेत शिकलो त्या नकाशात पश्चिमेकडचा भाग नुसता फिका असायचा, त्यामुळे ही सगळी नावं आम्हाला परकीच.

"मग? कुठलं आवडलं?" मी विचारलं.

"आवडायला मी काय सहलीला गेले होते?"

ती एकहार्डकडे वळली. "तू आलास तर हॅनोव्हर घेऊ. बसचे ड्रायव्हर त्यांनाही लागतात."

"माझी बस इथे आहे."

"तिथल्या बसला काय चाकं नसतात?"

"बागेचं काय करायचं मग?" एकहार्ड म्हणाला. गावाबाहेर त्यांचा बागेचा तुकडा होता, चेरीची झाडं होती, आणि तिथली लाकडी खोली त्याने स्वतः बांधली होती. "आणि आपल्या पोरीची, अँट्येची, शाळा? सगळेच उठून गेले तर इथे राहायचं कोणी?"

हायड्रून वाद घालत बसली नाही. तिने नकाशा त्याच्याकडे सरकवला. "बरं. मग असं सांग, शुक्रवारी काम सुटल्यावर कुठून निघाले तर जेवायच्या वेळेला घरी पोचेन?"

हे मात्र एकहार्डला आवडलं. रस्ते हा त्याचा विषय. तो बोट फिरवत म्हणाला, "हॅनोव्हर सोड. बर्लिनच्या बाजूने यावं लागेल, अर्धा वेळ खोळंब्यात. कासेलहून धड रस्ताच नाही, डोंगरातून रडत यायचं. न्यूर्नबर्गहून मात्र सरळ हमरस्ता. होफ, मग ड्रेस्डेन, की आलं घर."

"झालं तर मग," हायड्रून म्हणाली, आणि कॉफीचं भांडं चुलीवर ठेवायला उठली. कोंदट दालन, मान वर न करणारा मुकादम, कमी पगार, हे सगळं तिने घेतलं, ते त्या शहरातून सुटणारा रस्ता सोपा होता म्हणून.

मीही तिच्यामागोमाग तिकडेच काम शोधलं. जवळच्या एर्लांगेनच्या वृद्धाश्रमात, स्वयंपाकघरात. फोल्कमारला बांधकामावर मिळालं. गाडी त्याची. रविवारी दुपारी कॉफी-केक झाला की तो गल्लीत येऊन भोंगा वाजवायचा. आम्ही तिघं आणि रंगकाम करणारे दोघे भाऊ, असे पाच जण त्या जुन्या गाडीत कोंबून बसायचो. पायाशी बागेतले बटाटे, मुरंब्याच्या बरण्या, धुऊन इस्त्री केलेले कपडे. हमरस्त्यावर आमच्यासारख्याच गाड्या, एकीमागे एक, सगळ्यांच्या नंबरपाट्या पूर्वेकडच्या. शुक्रवारी तोच तांडा उलटा.

"काय माटिकबाई," फोल्कमार आरशात बघून विचारायचा, "या खेपेला नवरा ओळखू आला का?"

"मला लगेच आला. त्याला मी ओळखू यायला शनिवारची दुपार झाली."

"मग पुढच्या खेपेला फोटो लावून जा."

"तूच लाव. तुझ्या बायकोने विचारलं मला, तुमच्या गाडीतला तो जाडा कोण म्हणून."

असं थोडा वेळ चालायचं. होफ यायच्या आत मागे सगळे झोपलेले असायचे, माना एकमेकांच्या खांद्यांवर.

न्यूर्नबर्गला हायड्रून फ्राऊ डोर्नर नावाच्या विधवेकडे खोली घेऊन राहत होती. खोलीत पलंग, कपाट, एका भांड्यापुरती शेगडी. फ्राऊ डोर्नर वाईट नव्हत्या, पण त्यांचे नियम होते. कोबी शिजवायचा नाही, नऊनंतर नळ सोडायचा नाही, खिडकीत काही ठेवायचं नाही. भिंतीला खिळा ठोकू का म्हणून हायड्रूनने पहिल्याच महिन्यात विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कशाला? तुम्ही तर दर शुक्रवारी जाता." ते खरंच होतं, म्हणून तिने पुन्हा विचारलं नाही.

कारखान्यात तिच्या टेबलावरच्या बायकांनी आधी तिच्या बोलण्याची नक्कल केली, मग पूर्वेकडच्यांना ऐकवतात ते नेहमीचं सुरू केलं. "तुमच्याकडे म्हणे केळीसुद्धा मिळायची नाहीत?"

"नव्हती मिळत," हायड्रून हातातलं बटण जोडता जोडता म्हणाली. "आता दोन वर्षं रोज खाऊन बघितली. काही विशेष नाही."

त्यानंतर त्यांनी तिला आपल्यात घेतलं. वाढदिवसाला केकचा तुकडा ठेवायच्या, शनिवारी बाजाराला चल म्हणायच्या, नदीकाठी जत्रा भरली की बोलवायच्या. ती दर वेळी सांगायची, नाही गं, मला घरी जायचंय. हळूहळू त्यांनी बोलावणं सोडलं. त्यांनी राग धरला नव्हता, पण उत्तर ठाऊक असलेला प्रश्न कोण किती वेळा विचारणार?

आणि घरी जाऊन ती काय करायची, तर झोपायची. शनिवारी एकहार्ड बटाटे उकडायचा, ताजं चीज कालवून वर जवसाचं तेल घालायचा, आमच्याकडे घालतात तसं, आणि तिला हाक मारायचा. ती गालावर उशीचे वळ घेऊन टेबलाशी यायची. दोघं एकमेकांशी पाहुण्यांसारखी अदबीने वागायला लागली होती. मीठ हवं का, नको, थँक यू. एकदा तो न राहवून म्हणाला, "तू इथे नुसती झोपायला येतेस."

"तिथे झोप येत नाही."

"मग दोन्हीकडे करतेस काय?"

ती ताटं उचलायला उठली. रविवारी गाडीत तिने ते मला सांगितलं आणि म्हणाली, "चुकीचं काही बोलला नाही गं तो." मग होफपर्यंत बाहेर बघत बसली.

वर्षं गेली. अँट्ये शाळा संपवून हाम्बुर्गला गेली, एका हॉटेलात लागली. तिने शहर निवडलं ते आईला न विचारता, आणि मागे वळून न बघता. रंगारी भाऊ म्युनिकला गेले. फोल्कमारचा घटस्फोट झाला, त्याला न्यूर्नबर्गशेजारच्या फ्युर्थमधली एक विधवा भेटली, आणि एका रविवारी भोंगा वाजलाच नाही. नंतर फोनवर म्हणाला, "मार्लीस, आता मी शनिवारी सासूकडे डुकराचा भाजलेला खांदा खायला जातो. तिकडच्या हमरस्त्यापेक्षा बरं आहे, चावायला थोडं कठीण, एवढंच." मला कोल्वित्सच्याच शाळेच्या स्वयंपाकघरात जागा मिळाली आणि मीही परतले. हायड्रूनने जुनी लहान गाडी घेतली आणि एकटी जा-ये करायला लागली. झोप येऊ नये म्हणून मोठ्याने पाट्या वाचत यायची, असं तिनेच सांगितलं.

दर वर्षी ती एकहार्डला एकदा विचारायची, येतोस का तिकडे. तो दर वर्षी म्हणायचा, बघू. मग तिने विचारायचं सोडलं.

तोवर आमच्या गावाचं काय झालं होतं ते काय सांगू. तरुण सगळे गेले. आमच्या वस्तीतल्या लांबच लांब इमारतींत वरचे मजले रिकामे पडले, मग पालिकेने त्या एकेक करून पाडायला घेतल्या. माटिक राहायचे त्या इमारतीवरही नोटीस लागली. एकहार्डच्या बसचे मार्ग कमी झाले. जायला माणसंच नव्हती. अखेरीस त्याला अर्ध्या पगारावर शाळेच्या मुलांची ने-आण तेवढी राहिली. त्याच हिवाळ्यात बागेवरून नवा रस्ता जाणार असल्याचं कळलं, आणि त्याची ती लाकडी खोली त्यानेच मोडली.

एका बुधवारी त्याने न्यूर्नबर्गला फोन केला. "हायड्रून, मी येतो तिकडे."

ती मला म्हणाली, "आनंद व्हायला पाहिजे होता ना मला? मला पहिलं काय वाटलं सांगू? आता? आता येतोस?"

पण तिने सगळं जुळवून आणलं. बसच्या आगाराला ड्रायव्हर हवेच होते. वसंतात तो मुलाखतीला गेला, चार दिवस तिच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून राहिला. फ्राऊ डोर्नर म्हातारपणी मऊ झाल्या होत्या, त्यांनी त्याला पोळपाटाएवढा चीजकेक करून घातला. दिवसा हायड्रून कामावर असायची आणि एकहार्ड शहर बघत फिरायचा. संध्याकाळी लहान मुलासारखा सांगत बसायचा. कालव्याच्या काठाला बागांचे तुकडे आहेत, ठाऊक आहे का? किल्ल्यामागून खाली पायऱ्या जातात. ते लोक पावात तीन-तीन बारके सॉसेज घालून देतात, खाल्लंस कधी?

"नाही," ती म्हणायची.

आगाराने त्याला घेतलं. तो कागदावर सही करायला जाणार त्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात सगळ्यांना दालनात उभं करून सांगितलं की बटणांचं खातं हंगेरीला जाणार. उन्हाळ्यापर्यंत काम आहे, नंतर नाही. बायका रडल्या. हायड्रूनला रडू आलं नाही. ती सांगते की तिला फक्त बसावंसं वाटत होतं, आणि दालनात सगळे उभे होते.

शनिवारी दोघं गावी आली आणि तिने मला पुन्हा बोलावलं. तेच स्वयंपाकघर, पण कपाटं रिकामी. वरच्या मजल्यावर कोणी नाही, खालच्या मजल्यावर कोणी नाही, बोललं की आवाज घुमत होता.

"आता तिथे जायचं कारणच उरलं नाही," हायड्रून म्हणाली. "ड्रेस्डेन बघूया. बस तिथेही आहेत. घराच्या जवळ."

"जवळ असायला घर आहे कुठे?" एकहार्ड म्हणाला. रागाने नाही. त्याने नुसता हात वर केला, रिकाम्या छताकडे. "मला ते शहर आवडलं, हायड्रून. मला तिथे काम आहे. तुलाही मिळेल काहीतरी. तू अकरा वर्षं राहिलीस तिथे, तुला सगळं माहीत आहे."

"मी तिथे राहिले नाही. मी तिथे थांबले होते."

"म्हणजे?"

"म्हणजे शुक्रवारची वाट बघत थांबले होते. मला ते शहर नको. दुसरं कुठलंही दे."

एकहार्डला हे कळेना. वर्षानुवर्षं ज्या शहरात ये म्हणून ती सांगत होती, तिथे तो निघाला, तर ही नको म्हणते! तो माझ्याकडे बघायला लागला, जसं काही मी दुभाषी आहे. मी म्हटलं, "तिला दमायला झालंय, एकहार्ड." याहून शहाणं मला काही सुचलं नाही.

एकहार्ड उठून तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला. शेवटी तो म्हणाला, "इतकी वर्षं तू एकटीने ओढलंस. आता मी ओढतो. पण मला जिथे ओढता येईल तिथे चल."

ती हो म्हणाली. तिने ते पटून म्हटलं असं मला त्या दिवशी वाटलं होतं. पुष्कळ नंतर एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाली, "पटलं कुठलं? नाही म्हणायला उभं राहावं लागतं, मार्लीस. माझ्यात तेवढं बळ नव्हतं."

सामान हलवायला मी आणि माझा भाऊ न्यूर्नबर्गला गेलो होतो. दोन खोल्या, मागच्या बाजूला गॅलरी, खाली ट्रामचा थांबा. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी एकहार्ड हात चोळत म्हणाला, "चला, आता तू दाखव. ताजे पाव कुठे घ्यायचे? शनिवारचा बाजार कुठे भरतो?"

हायड्रून कोट घालून दारात उभी होती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"अगं, बाजार, भाजीचा."

"मला माहीत नाही, एकहार्ड. मी इथे शनिवारी कधी नव्हतेच."

मग जिन्यात भेटलेल्या एका तुर्की शेजारणीला आम्ही विचारलं. तिने हायड्रूनला विचारलं, "नवीन आलात का?" हायड्रून म्हणाली, "हो, काल." आणि शेजारीण आमच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत आली, रस्ता दाखवायला.

पुढचं सांगायचं तर एकहार्डचं बस्तान छान बसलं. आगारातले लोक त्याला मानतात, तिकडच्या बोलीतले शब्द त्याच्या तोंडात आलेत, आणि ते ऐकून हायड्रून कपाळाला आठ्या घालते. तिला स्वतःला वर्षभर काही मिळालं नाही. पन्नाशी पार केलेल्या बाईला कोण घेणार? मग इस्पितळाच्या धुलाईखान्यात लागली. गरम चादरी यंत्रातून बाहेर येतात, दोघींनी टोकं धरायची, घडी घालायची, पुढची. सकाळची पाळी. दुपारी घरी आली की गुडघ्यांना मलम चोळते आणि खिडकीशी बसते. खिडकीत कुंड्या आहेत, भिंतींना हवे तेवढे खिळे. कोबीही शिजवते.

ती सुखी झाली का, असं गावात लोक मला विचारतात. काय सांगणार? मागच्या उन्हाळ्यात मी चार दिवस राहून आले. आम्ही दोघी नदीकाठी बाकावर बसलो होतो. धुलाईखान्यातली एक बाई सायकलवरून जाताना ओरडली, "हायड्रून, सोमवारी पाळी बदलशील का गं?" आणि हायड्रूनने हात हलवून हो म्हटलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ, इथे ही पहिली, जी मला फ्राऊ माटिक नाही, नुसती हायड्रून म्हणून ओळखते. आडनावाचा तिला पत्ता नाही." तिला ते बरं वाटलं असावं. लगेच तिचे डोळे मिटले आणि ती बसल्या बसल्याच झोपली, तोंड थोडं उघडं. मी तिची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले.

संध्याकाळी अँट्येचा हाम्बुर्गहून फोन आला. एकहार्ड कामावर होता. अँट्येचा आवाज मोठा, मला पलीकडून ऐकू येत होतं. "आई, इकडे माझ्या हॉटेलात कपड्यांच्या खात्यात माणसं हवीत. बसून करायचं काम आहे, पगार बरा आहे. बाबांनाही इथे बस मिळेल. विचार कर ना."

हायड्रूनने फोन दुसऱ्या कानाला लावला. "अँट्ये," ती म्हणाली, "मला आता कोणी शहरं दाखवू नका."

"अगं पण काम सोपं आहे."

"असेल. तू कशी आहेस ते सांग."

अँट्ये सांगत राहिली आणि हायड्रून हं हं करत ऐकत राहिली. फोन ठेवल्यावर तिने दुसऱ्या दिवशीचा पाव आणि चीज डब्यात भरलं, घड्याळाला किल्ली दिली, आणि मला विचारलं की सकाळी तिने दिवा लावला तर माझी झोप मोडेल का.